बालवाडी ताईंच्या शिबिराचं उद्घाटन

शिबिर साधंच होतं, हे मी सुरुवातीलाच नमूद करून ठेवतो. सतरंजी, फळा, चहा आणि शिकवायला एक मॅडम. शिकायला आमच्या सोसायटीतल्या बालवाडीची ताई आणि पनवेलजवळच्या आमच्या सुकापुरातल्या आजूबाजूच्या बालवाड्यांतल्या आणखी काही ताई. ह्यात उद्घाटन कुठेही नव्हतं. ते माझ्यामुळे आलं, असं आमच्या घरात म्हटलं जातं. घरात मी आणि सुनीता दोघंच राहतो, तेव्हा कोण म्हणतं ते वेगळं सांगायला नको.

आमच्या सोसायटीचं नाव निसर्गछाया. त्यातला निसर्ग बिल्डरनं पायाखोदणीच्या वेळीच काढून टाकला. छाया आहे, पण ती समोरच्या टॉवरची. तळमजल्यावर एक हॉल आहे आणि तिथे रोज सकाळी दिपिका बालवाडी चालवते. दिपिका इथलीच, आगरी घरातली, आवाज खणखणीत. पोरं तिला दिपूताई म्हणतात आणि पोरांचे बापही, जरा दबकत, दिपूताईच म्हणतात.

तर ह्या हॉलवर आमचे अध्यक्ष दीनानाथराव ह्यांची नजर पडली. डॉक्टरनं त्यांना व्यायाम सांगितला होता. माणूस अशा वेळी चालायला जातो. दीनानाथरावांनी हॉलची व्यायामशाळा करायचं ठरवलं. पण बालवाडी उठवा असं उघड म्हणायची सोय नव्हती, कारण आयांना मतदानाचा हक्क असतो. म्हणून मासिक सभेत त्यांनी चष्मा काढून, पुसून, परत लावून विचारलं, "बालवाडीच्या ताई प्रशिक्षित आहेत का?"

दीनानाथरावांची सगळी नोकरी न्हावा शेवा बंदरात कंटेनरच्या कागदपत्रांत त्रुटी काढण्यात गेली. जहाजं थांबवलेला माणूस, त्याला बालवाडी काय जड! ठराव झाला: जूनच्या आत ताईंनी प्रशिक्षणाचा दाखला आणावा, नाहीतर हॉल सोडावा.

दुसऱ्या दिवशी दिपिका माझ्या दारात. मी सांस्कृतिक समितीचा प्रमुख. समितीत मी एकटाच आहे, पण प्रमुख आहे.

"काका, पोरांच्या आया म्हनतात दिपूताईकडं पोर रडत नाय. आनि ह्ये अध्यक्ष म्हनतात कागद दाखव. आता पोरं घेऊन मी जाऊ कुठं? पार्किंगमदी?"

"मी बघतो," मी म्हणालो.

आतून सुनीता म्हणाली, "झालं."

वास्तविक मी चांगलंच बघितलं. लहान मुलांबरोबर आणि त्यांच्या घरच्यांबरोबर काम करणाऱ्यांना शिकवणाऱ्या एक निरीत मॅडम आहेत, त्यांचा नंबर मिळवला. मूळच्या अलिबागकडच्या, बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, कुटुंबातल्या. मी उत्साहानं शनिवार सुचवला. त्या म्हणाल्या, "शनिवारी आमचा शब्बाथ. मी काम करत नाही. जूनच्या आधी माझा एकच रविवार मोकळा आहे. आणि काका, एक आधीच सांगते. नुसतं बसल्याबद्दल मी दाखला देत नाही. सकाळी शिकवते, दुपारी मुलं बोलवायची, आणि शिकवलेलं करताना मी डोळ्यांनी बघितलं तरच सही. चार वाजता मी निघणार."

म्हणजे एकच रविवार. तो हुकला की पोरं पार्किंगमध्ये आणि हॉलमध्ये दीनानाथरावांची सायकल, जी कुठेही जात नाही.

"सोपं आहे," सुनीता म्हणाली. "सतरंजी घाला, चहा ठेवा आणि बाजूला व्हा."

पहिल्या दोन गोष्टींत मला अडचण नव्हती.

"आता सांगा, सतरंजीचं बघायला आत्ता जाताय की चहा घेऊन?" सुनीतानं विचारलं.

मी विचार करून चहा घेऊन गेलो. आणि तिथेच घोळ झाला, कारण चहा घेईपर्यंत खाली परेश येऊन उभा राहिला होता. परेश आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. फ्लॅट दाखवणं हा त्याचा धंदा. रिकामी खोली दिसली की ह्यात काय काय बसेल हे बघायची सवय त्याच्या डोळ्यांना लागली आहे.

"शिबिर? वा! दीपप्रज्वलन कोण करतंय?"

"दीपप्रज्वलन नाही."

परेशनं माझ्याकडे असं बघितलं, की मी जणू लग्न ठरवलंय आणि नवरी नाही म्हणतोय. "काका, बाहेरून मॅडम येणार. अशाच सतरंजीवर बसवणार? नुसतं दोन मिनिटं. समई लावायची, बास."

दोन मिनिटांना नाही म्हणण्याइतका मी कठोर नाही. पण समई आली की ती लावायला हात लागतो, आणि हात साधा चालत नाही. म्हणून प्रमुख पाहुणे तुळशीराम शेठ. निसर्गछाया ज्या जमिनीवर उभी आहे ते त्यांचं भाताचं शेत. त्यांना सोडून सुकापुरात समई लावली तर ती पेटत नाही. शेठ आले म्हणून दीनानाथराव अध्यक्षस्थानी, नाहीतर ते हॉलची किल्ली देणार नाहीत. दोघं आले म्हणून स्टेज. स्टेज आलं म्हणून मागे बॅनर. बॅनरवर फोटो. शाली. नारळ. शालींचे रंग. आणि एवढं सगळं असताना स्वागताचे दोन शब्द आणि आभाराचे दोन शब्द कोणीतरी बोलायला हवेतच. त्या कामासाठी मला फार शोधावं लागलं नाही.

हॉलसाठी रीतसर अर्ज लागतो. अर्ज सांस्कृतिक समितीकडे करायचा असतो. मी अर्ज लिहिला, स्वतःला दिला, पोच घेतली आणि विचारार्थ ठेवून घेतला. सुनीता म्हणाली, "लवकर निर्णय घ्या हो, अर्जदार ताटकळलाय." मी तिकडे दुर्लक्ष केलं. नियम आपणच पाळले नाहीत तर दुसऱ्याला कुठल्या तोंडानं अडवणार?

स्टेज म्हणजे माईक आणि माईक म्हणजे परवानगी. पोलीस ठाण्यात परवानगीच्या टेबलावरच्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, "लग्न, हळद, वाढदिवस की धार्मिक?"

"बालवाडीच्या ताईंचं प्रशिक्षण शिबिर."

"ते नाही ह्यात."

"मग इतर?"

"इतरला साहेबांची सही लागते. साहेब बंदोबस्ताला गेलेत." मग त्यांना माझी दया आली असावी. "बायका येणार का?"

"बायकाच येणार."

"जेवण आहे?"

"आहे."

"मग हळद लिहितो. आपल्याकडे हळदीला कोणी काही विचारत नाही."

पनवेल परिसरात हे अक्षरशः खरं आहे. हळदीच्या कार्यक्रमाला लग्नापेक्षा जास्त माणसं आणि सगळ्यात जास्त आवाज असतो. मी परवानगीचा कागद साउंडवाल्या मिथुनला नेऊन दिला. मिथुननं तो वाचला. मिथुन आपल्या धंद्याशी प्रामाणिक माणूस आहे. रविवारी सकाळी त्यानं टेम्पोतून जे उतरवलं, ते बघून आमच्या वॉचमननं दोन गाड्या हलवायला लावल्या. प्रत्येक स्पीकर दीनानाथरावांएवढा होता. पोटासकट.

निरीत मॅडम दहाला आल्या. कापडी पिशवी, पिशवीत लाकडी ठोकळे, एक घंटा आणि चांदण्यांचे स्टिकर. मी त्यांना स्टेजवरची खुर्ची दाखवली. त्या सरळ सतरंजीवर बसल्या.

"मॅडम, वर या ना!"

"मूल जिथे असतं तिथे आपण बसायचं, काका. ही पहिलीच गोष्ट आहे शिकवायची."

पाहुणे यायचे होते. पाहुणे म्हटल्यावर ते दहाला येणार नव्हते, हे उघड आहे. दहाला आले तर त्यांना पाहुणे कोण म्हणेल? त्या मोकळ्या वेळात मॅडमनी ताईंना भोवती घेतलं आणि शिकवायला लागल्या. मी समईत वाती लावत ऐकत होतो.

"मूल हट्टाला पेटलं की वरून ओरडायचं नाही. खाली बसायचं, डोळ्याला डोळा. त्याला काय होतंय ते त्याला सांगायचं: तुला राग आलाय, तुझी गाडी त्यानं घेतली. पटलं नाही तरी भावना नाकारायची नाही. मग दोनच गोष्टी समोर ठेवायच्या आणि त्याला निवडू द्यायचं. लाल कप की निळा? दूध प्यायचं की नाही हा प्रश्नच विचारायचा नाही. आणि खेळ थांबवायचा असेल तर आधी सांगायचं: अजून दोन घसरगुंड्या, मग घरी."

दिपिका मन लावून ऐकत होती. मागे भिंतीला टेकून सुनीताही ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर काही नवीन ऐकल्याचा भाव दिसला नाही, पण तिचं सगळ्याच बाबतीत तसं असतं.

एवढ्यात शेठ आले आणि शिकवणं थांबलं.

समई लावताना पंख्यानं वात विझली. पंखा बंद केला. मे महिना होता. वात लागली, सगळे घामाघूम झाले. फोटोवाला म्हणाला, लावताना आला नाही, परत लावा. म्हणून विझवली. मग काडेपेटी मिळेना. ती सापडेपर्यंत सगळे मान्यवर हातात मेणबत्ती धरून समईभोवती वाकून उभे होते.

समई पेटली तेव्हा दीनानाथराव जागेवर नव्हते. शोधलं, तर ते शेवटच्या रांगेत, भिंतीकडे तोंड करून बसलेले.

"अध्यक्ष, स्टेजवर चला."

"तुमचं चालू द्या. माझी तब्येत बरी नाही."

मी बॅनरकडे बघितलं. शेठचा फोटो कलिंगडाएवढा होता आणि दीनानाथरावांचा लिंबाएवढा. चूक छापणाऱ्याची. मी त्याला एवढंच म्हटलं होतं की फोटो योग्यतेप्रमाणे घे. आता अध्यक्षांशिवाय कार्यक्रम सुरू होईना आणि सुरू झाल्याशिवाय संपेना. मॅडमनी घड्याळ बघितलं. परेश म्हणाला, "काका, पाया पडा." मी म्हणालो, "तू पड." अशी आमची सल्लामसलत चालू असताना दिपिका उठली. दीनानाथरावांच्या खुर्चीसमोर जाऊन खाली उकिडवी बसली.

"भाऊ, तुमाला राग आलाय."

"मला? मला कसला राग?"

"फोटो बारका आला तुमचा. शेठचा मोठा. राग येनारच. मना पन आला असता."

दीनानाथरावांनी मान वळवून बॅनरकडे बघितलं. खालचा ओठ जरासा पुढे आला होता. "निदान डोक्याचा वरचा भाग तरी कापायचा नाही," ते हळूच म्हणाले.

"कापायचा नाय ना. बरोबर हाय. आता सांगा, शाल लाल पायजे का हिरवी?"

दीनानाथरावांनी ताटातल्या शालींकडे बघितलं. "हिरवी."

आणि माणूस उठून स्टेजवर गेला. निरीत मॅडम काहीतरी लिहीत होत्या, त्या थांबल्या.

मग शेठ बोलायला उभे राहिले. मिथुननं माईक चालू केला. शेठ "बंधू आणि भगिनींनो" म्हणाले आणि समोरच्या टॉवरवरची कबुतरं उडाली. हा सगळा पट्टा भाताचा होता, खाली खाडीकडे मिठागरं होती, आज तुम्ही जिथे बसलाय तिथे खेकडे होते, हे शेठनी सांगितलं. ते ऐकायला मलाही आवडतं. पण शेठ एकेका शेताच्या बांधावरून चालत निघाले होते आणि अजून सुकापूरच संपलं नव्हतं. त्यांचा एक चुलता उरणला होता, म्हणजे वाटेत तेही येणार होतं. दुपारची वेळ झाली. पोरांना घेऊन आया दाराशी येऊन उभ्या राहिल्या. शेठच्या भाषणात मध्ये बोलायची कोणाची छाती? दीनानाथराव हिरव्या शालीत झोपले होते.

दिपिका पुन्हा उठली. शेठ तिच्या आईच्या गावचे, म्हणजे नात्यानं मामा. ती स्टेजच्या कडेला जाऊन बसली.

"मामा, अजून दोन गोष्टी. मग जेवायचं."

शेठनी माईकवर हात ठेवला. "तीन."

"दोन. पन कोनच्या, ते तुमी ठरवा."

शेठ विचारात पडले. त्यांनी एक चुलत्याची गोष्ट निवडली आणि एक खेकड्याची. दोन्ही सांगितल्या. बसले. जन्मात पहिल्यांदा शेठ लोकांची भूक मरायच्या आत बसले, असं त्यांच्याच ड्रायव्हरनं मला नंतर सांगितलं. मॅडमच्या हातातलं पेन आता भराभर चाललं होतं.

शाली घालून झाल्या. शेठना, अध्यक्षांना, मॅडमना, छापणाऱ्याला, मिथुनला, परेशला. परेशला कशाबद्दल, हे मला अजून कळलेलं नाही. ताट रिकामं झालं. मी कोणाकडे बघत नव्हतो. मी बॅनरच्या दोरीची गाठ बघत होतो. शिबिराची कल्पना कोणाची, मॅडमचा नंबर कोणी मिळवला, स्वतःच्याच अर्जावर निष्पक्षपणे निर्णय कोणी घेतला, असे प्रश्न एखाद्याच्या मनात आले असते. माझ्या आले नाहीत. कार्यकर्त्याला अपेक्षा नसते.

फक्त आभाराचे दोन शब्द तेवढे बाकी होते. मी माईक घेतला.

आभार मानताना कोणाला वगळणं हा असभ्यपणा आहे असं माझं मत आहे. मी समईपासून सुरुवात केली. तेल देणाऱ्या जोशीबाई. वाती वळणाऱ्या त्यांच्या जाऊबाई. मग सतरंजी. दारात पोरं चुळबुळत होती, एकानं भोकाड पसरलं होतं, मॅडमनी घड्याळ बघितलं, मग दिपिकाकडे बघितलं. हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण ज्यांना शाली मिळाल्या त्यांनी घाई करू नये, एवढंच माझं म्हणणं होतं. "आणि ह्या सगळ्यामागे," मी म्हणालो, "पडद्याआडून, कसलीही अपेक्षा न ठेवता झटणारा एक माणूस..."

दिपिका माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. माझी उंची बेताची असल्यामुळे तिला बसावं लागलं नाही.

"काका," ती म्हणाली, आणि माईक माझ्या हातात चालूच होता, "तुमाला वाईट वाटलंय."

हळदीच्या स्पीकरमधून हे वाक्य महामार्गापर्यंत गेलं असावं.

"मला मुळीच वाईट वाटलेलं नाही," मी म्हणालो. पण बोलताना आवाज चिरकला. मे महिन्यात घसा कोरडा पडतोच.

"सगल्यांना शाल भेटली, तुमाला नाय. सगला खटाटोप तुमीच केला. वाईट वाटनारच."

समोर पोरं एकदम गप्प झाली होती. एक लहान मुलगी माझ्याकडे मोठ्या सहानुभूतीनं बघत होती.

"आता सांगा," दिपिका म्हणाली, "माईक तुमी सोता देता, का मी घेऊ?"

मी थोडा वेळ विचार केला. स्वतःच दिला.

"शाब्बास काका," ती म्हणाली, आणि मॅडमच्या पिशवीतली एक चांदणी काढून माझ्या उजव्या हातावर चिकटवली. टाळ्या पडल्या. त्या आभारप्रदर्शनाला होत्या असं मी धरून चाललो आहे.

पण दिपिका खाली उतरली नाही. माईक तिच्या हातात होता, अख्खं सुकापूर ऐकत होतं, आणि ती अध्यक्षांकडे वळली.

"भाऊ, एक विचारते. हॉल बालवाडीला नुसता सकालचा देनार, का दिवसभराचा? तुमीच ठरवा."

दीनानाथराव जागे झाले. शाल सावरली. जहाजं थांबवणारा चेहरा केला. "दिवसभर?" ते कडाडले. "मुळीच नाही! नियम म्हणजे नियम. फक्त सकाळी! आणि तेही दाखला असेल तर!"

"दाखला मी देते," मॅडम सतरंजीवरून म्हणाल्या. "मुलांबरोबर बघायचंय अजून, पण अवघड भाग बघून झालाय."

दाराशी उभ्या असलेल्या आयांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या की दीनानाथराव उठून उभे राहिले आणि त्यांनी नमस्कार केला. आपल्या कडक धोरणाचं लोक कौतुक करतात हे त्यांना आवडलं. व्यायामशाळेचं त्यांना रात्री जेवताना आठवलं म्हणतात. पण तोवर त्यांचा निर्णय त्यांनीच सगळ्या गावाला ऐकवलेला होता.

जेवणं भराभर उरकली आणि मुलं आत आली. मिथुननं स्पीकर बंद केले. मॅडमनी घंटा वाजवली आणि सगळ्या ताई आपापल्या पोरांसमोर खाली बसल्या. चारपर्यंतचा वेळ पुरला. जाताना मॅडम दिपिकाला म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी माझ्या शिबिरात मान्यवर बोलवणार आहे. सरावाला चांगले पडतात."

संध्याकाळी घरी आलो. स्वयंपाकघरात कपबशांचा ढीग होता, कारण चहा आमच्याच घरून गेला होता. सुनीतानं पदर खोचला.

"घासताय की पुसताय?"

मी उजव्या हाताकडे बघितलं. चांदणी अजून पक्की चिकटलेली होती. घासायला बसलो असतो तर भिजली असती.

"पुसतो," मी म्हणालो. निर्णय सर्वस्वी माझा होता.